पंचेचाळिशीनंतर फेसवॉश, मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन एवढंच पुरेसं आहे का?

हो, बहुतेकींना पुरतं. फक्त ते रोज आणि नीट हवं. रजोनिवृत्तीच्या सुमारास त्वचेतलं तेल कमी होतं, म्हणून फेसाळ फेसवॉशऐवजी सौम्य घ्या आणि चेहरा ओलसर असतानाच ग्लिसरीन किंवा सेरामाइडचं (त्वचेतला ओलावा टिकवणारा स्निग्ध घटक) क्रीम लावा. सनस्क्रीन मात्र अजिबात सोडू नका! एसपीएफ (उन्हापासून संरक्षणाचा आकडा) ३० किंवा जास्त, चेहरा-मानेला दोन बोटांच्या लांबीइतकं, उन्हात असाल तर दर दोन तासांनी पुन्हा. घरातही खिडकीजवळ बसत असाल तर लावाच, कारण उन्हातली यूव्हीए ही अतिनील किरणं साध्या काचेतून आत येतात. सुरकुत्यांसाठी भर घालायचीच तर रात्री रेटिनॉल (व्हिटॅमिन एचा एक प्रकार), सुरुवातीला आठवड्यातून दोनदा, गरोदरपणात नको. महागड्या सीरमची रांग मला तरी अनावश्यक वाटते. एखादा तीळ वाढला, रंग बदलला, तर त्वचारोगतज्ज्ञांना लगेच दाखवा.