वाचकांचे प्रश्न : मधे विमान बदलायचंय, मग बॅगांचं काय?

उन्हाळा जवळ आला की आपल्या सातारा-सांगलीकडचे निम्मे आईबाप पोरांकडं निघतात, त्यामुळे यावेळी पत्रांमध्ये व्हिसापेक्षा बॅगांचेच प्रश्न जास्त आलेत. सगळ्यांना उत्तर देणं जागेअभावी जमणार नाही, सारखेसारखे प्रश्न एकत्र केलेत.

प्रश्न : आम्ही दोघं पहिल्यांदाच अमेरिकेला लेकाकडं चाललोय. मुंबई-दोहा-शिकागो आणि तिथनं कोलंबस असं एकच तिकीट त्यानं काढून पाठवलंय. चार बॅगा आहेत. लेक म्हणतो बॅगा थेट कोलंबसला मिळतील, शेजारचे म्हणतात शिकागोला उतरवून घ्याव्या लागतात. कुणाचं ऐकायचं?
— एक निवृत्त शिक्षक, गोडोली, सातारा

उत्तर : गुरुजी, यावेळी शेजाऱ्यांचं ऐका. लेकाचंही अगदीच चूक नाही, कारण टॅग कोलंबसचाच लागणार आहे, पण अमेरिकेत पहिल्यांदा ज्या विमानतळावर पाय ठेवाल तिथं बॅगा स्वतः पट्ट्यावरनं उचलून कस्टम्समधून न्याव्या लागतात, मग तिकीट एक असो की दोन. तिकडं शिकलेल्या पोरांना हे आठवत नाही कारण ती दर वेळी झोपेतच पुढं चालत असतात.

दोहात मात्र तुम्ही बॅगेचा विचारसुद्धा करायचा नाही. आत काय होतं ते सांगतो म्हणजे जीव टांगणीला लागणार नाही. मुंबईत काउंटरवर जी लांब पांढरी पट्टी हँडलला चिकटवतात तिच्यावर दहा आकडी नंबरचा बारकोड असतो. तो नंबर तुमच्या नावाशी आणि सगळ्या फ्लाइटशी जोडून कंपनीच्या कॉम्प्युटरमधनं पुढच्या विमानतळाला आधीच कळवलेला असतो. दोहात विमान उतरलं की पुढं जाणाऱ्या बॅगा वेगळ्या काढून ट्रान्स्फरच्या पट्ट्यावर टाकतात, तिथं त्यांचा पुन्हा एक्स-रे होतो, स्कॅनर नंबर वाचतो आणि बॅग शिकागोच्या फ्लाइटच्या रांगेत जाऊन पडते. फ्लाइटला बराच वेळ असला तर ती मधल्या गोदामात थांबते. तुम्ही वर चहा पीत बसलेले असता तेव्हा हे सगळं खाली चाललेलं असतं आणि तिथं तुम्हाला कोणी जाऊही देणार नाही.

आता शिकागो. आधी इमिग्रेशन, पासपोर्ट, बोटांचे ठसे. मग पट्ट्यावर जाऊन चारही बॅगा मोजून घ्या, ट्रॉलीवर टाका, कस्टम्समधनं बाहेर पडा. बाहेर आल्या आल्या पुढच्या फ्लाइटच्या बॅगा परत घ्यायचं काउंटर असतं, तिथं टॅग दाखवून बॅगा सोडायच्या. पुन्हा वजन नाही, पुन्हा पैसे नाहीत, टॅग कोलंबसचा आहेच. मग हात मोकळे करून छोट्या ट्रेननं दुसऱ्या टर्मिनलला जायचं, कारण बाहेरच्या देशांची विमानं बहुतेक टर्मिनल ५ ला उतरतात आणि देशातली बहुतेक १, २, ३ वरनं सुटतात. तिथं सिक्युरिटी पुन्हा. म्हणून दोह्यात ड्यूटी फ्रीची बाटली किंवा अत्तर घेतलं असेल तर शिकागोत बॅगा हातात आल्या की लगेच मोठ्या बॅगेत टाका, नाहीतर पुढच्या सिक्युरिटीला १०० मिलीच्या वरचं कचऱ्याच्या डब्यात जाऊ शकतं आणि आपण बघत राहतो.

या सगळ्याला वेळ लागतो, मधे तीन तास तरी पाहिजेत, तिकीट दीड तासाचं असेल तर लेकाला आत्ताच बदलायला सांगा. गुडघे दुखत असतील तर व्हीलचेअर आधीच कंपनीला कळवून लिहून घ्या, लाजायचं काही कारण नाही. खुर्ची ढकलणारा माणूस इमिग्रेशनपासून बॅगा सोडेपर्यंत बरोबर असतो, त्याला चार-पाच डॉलर द्यायची तिकडं पद्धत आहे, सुटे जवळ ठेवा. अबू धाबीवरनं जाणाऱ्यांचं वेगळं असतं बरं का, तिथं अमेरिकेचं इमिग्रेशन आणि कस्टम्स अबू धाबीतच उरकतात, त्यामुळं बॅगा मधे उचलाव्या लागत नाहीत.

आणि मुंबईच्या काउंटरवरनं हलायच्या आधी एकच काम करा. पट्टी वाचा. शेवटच्या विमानतळाची तीन अक्षरं त्यावर सगळ्यात मोठी छापलेली असतात, तुमच्यासाठी सीएमएच, मधली दोहा-शिकागोची अक्षरं बारीक. काउंटरवरची पोरगी कितीही घाईत असली तरी दोन मिनिटं उभं राहून चारही पट्ट्या बघायच्या आणि पावतीचे चार तुकडे मोजून घ्यायचे. एखादीवर ओआरडी मोठं दिसलं तर ती बॅग शिकागोपर्यंतच आहे, तिथल्या तिथं बदलून घ्या. हो, मागच्या प्रवासाची जुनी पट्टी आणि बॅगेच्या अंगावर चिकटवलेले बारके बारकोड आधी घरी सोलून टाका, स्कॅनर जुना नंबर वाचतो आणि बॅग भलतीकडं जाते.

प्रश्न : मुलगी फ्रँकफर्टला असते. तिनं स्वस्त पडतं म्हणून कोल्हापूर-मुंबई एका कंपनीचं आणि मुंबई-फ्रँकफर्ट दुसऱ्या कंपनीचं वेगळं तिकीट काढलंय. मधे साडेतीन तास आहेत. बॅग कोल्हापूरला दिली की थेट जर्मनीत मिळेल ना?
— एक वाचक भगिनी, विश्रामबाग, सांगली

उत्तर : नाही ताई, आणि हे तिकीट बघून मला जरा धडधडलंच. बॅग तिकिटाच्या मागनं जाते. पीएनआर एक असेल तर कंपन्या आपापसात बॅग पुढं देतात, पीएनआर दोन असले की पहिल्या कंपनीच्या लेखी तुमचा प्रवास मुंबईतच संपला. काही मोठ्या कंपन्यांचे एकमेकांशी करार असतात आणि दोन तिकिटं दाखवली तर त्या पुढचा टॅग लावतातही, पण देशातल्या स्वस्त कंपन्या शक्यतो या भानगडीत पडत नाहीत. विचारून बघा, भरवसा धरू नका.

म्हणजे मुंबईत उतरायचं, पट्ट्यावर बॅगेची वाट बघायची, बाहेर यायचं, टर्मिनल वेगळं असेल तर टॅक्सी करून तिकडं जायचं, परत रांग, परत वजन, मग इमिग्रेशन. मोठ्या फ्लाइटची काउंटरं सुटायच्या तासभर आधी बंद होतात, त्यामुळं तुमचे साडेतीन तास खरंतर अडीचच आहेत, त्यातनं कोल्हापूरचं विमान पाऊण तास लेट झालं की संपलं. दुसरी कंपनी म्हणणार तुम्ही आलाच नाहीत, पैसे गेले, पहिली म्हणणार आम्ही मुंबईला पोचवलं, आमचं काम झालं. एकाच तिकिटावर असता तर पुढच्या विमानात बसवून द्यायची जबाबदारी त्यांची असती. आणि वजन! देशातल्या फ्लाइटला बहुतेक १५ किलो चालतं आणि तिकडच्याला २३, तर २३ किलोची बॅग भरून कोल्हापूरला गेलात तर वरच्या ८ किलोचे पैसे तिथंच मोजावे लागतील, वाचवलेले पैसे तिथंच गेले म्हणायचे.

अजून एक बघा. नवी मुंबईचं विमानतळ सुरू झाल्यापासनं तिकिटावर नुसतं मुंबई वाचून भागत नाही. बीओएम म्हणजे जुनं, एनएमआय म्हणजे नवं. एकात उतरून दुसऱ्यातनं उडायचं असलं तर बॅग तुम्हालाच रस्त्यानं न्यायची आहे आणि मुंबईचं ट्रॅफिक काय असतं ते सांगायला नको.

मला विचाराल तर कोल्हापूरचं तिकीट सोडून द्या. सांगलीतनं रात्री महालक्ष्मीत बसा, सकाळी मुंबई, दिवसभर नातेवाइकांकडं टेकायचं आणि रात्रीच्या फ्लाइटला निवांत जायचं. बॅग एकदाच द्यायची, एकदाच घ्यायची. मुलीला राग येईल, येऊ दे. पुढच्या वेळी तिला म्हणावं मधे दुसरं युरोपातलं शहर असलं तरी चालेल पण तिकीट एक काढ, युरोपात अमेरिकेसारखं पहिल्या ठिकाणी बॅगा उचलायची भानगड नसते, पासपोर्टची तपासणी पहिल्या विमानतळावर आणि बॅग शेवटच्या, कस्टम्सही शेवटीच.

प्रश्न : भाऊ दुबईहून दिल्लीमार्गे पुण्याला येतोय, एकच तिकीट आहे, टॅग पुण्याचा. दिल्लीत बॅग घ्यायची का?
— एक वाचक, शाहूपुरी, सातारा

उत्तर : घ्यायची. आपल्याकडंही साधारण नियम अमेरिकेसारखाच आहे, भारतात पहिलं जिथं उतराल तिथं कस्टम्स. दिल्लीत पट्ट्यावरनं घेऊन ग्रीन (ड्यूटी भरण्यासारखं काही नसेल तर) नाहीतर रेड (असेल तर) चॅनलमधनं बाहेर, मग ट्रान्स्फरच्या काउंटरला परत द्यायची. टॅगवर पुण्याचं पीएनक्यू वाचून निर्धास्त होऊन पुण्याला आलेले आणि मग लोहगावला रिकामा पट्टा बघत उभे राहिलेले लोक आहेत.

प्रश्न : जावयाचं मधल्या विमानतळावर दुकानं बघता बघता पुढचं विमान चुकलं. त्याच्यासाठी विमान थांबलं नाही पण त्याची बॅग शोधून खाली काढायला मात्र यांना वेळ होता! बॅग तरी पुढं पाठवायची, ती काय बिघडवणार होती?
— एक संतापलेले सासरे, मिरज रोड, सांगली

उत्तर : राग समजला, पण यात कंपनीची मुजोरी नाही. बॅग काय बिघडवू शकते ते १९८५ साली जगानं बघितलं. त्या जूनमध्ये कॅनडात व्हँकुव्हरच्या काउंटरवर एका माणसानं हट्ट धरला की माझी बॅग टोरांटोवरनं थेट एअर इंडियाच्या विमानात जाईल असा टॅग लावा. त्याचं पुढचं तिकीट पक्कंसुद्धा नव्हतं. आधी नाही म्हटलं, मग रांग वाढली, तो ऐकेना, शेवटी टॅग लावला. तो माणूस विमानात बसलाच नाही, बॅग मात्र टॅगप्रमाणे पुढं पुढं गेली. २३ जूनला आयर्लंडजवळ समुद्रावर एअर इंडियाचं ते ‘कनिष्क’ विमान बॉम्बनं फुटलं, ३२९ माणसं गेली. पुढं १९८८ ला स्कॉटलंडमध्ये लॉकरबी गावावर फुटलेल्या विमानातही मालकाशिवाय आलेल्या बॅगेतच बॉम्ब होता.

तेव्हापासनं नियम कडक होत गेले, मालक विमानात नाही तर त्याची बॅगही नाही. लोड करताना प्रत्येक टॅग स्कॅन होतो, त्यामुळे तुमच्या जावईबापूंची बॅग कुठल्या कंटेनरमध्ये आहे हे त्यांना माहीत असतं आणि ती काढता येते. एक फरक आहे, बॅग कंपनीच्या चुकीनं मागं राहिली असेल तर ती नंतर पुन्हा तपासून मालकाशिवाय पाठवतात, कारण तिथं मालकानं मुद्दाम काही केलेलं नसतं. जावयाला म्हणावं दुकानं येताना बघ.

प्रश्न : मागच्या महिन्यात मुंबईला उतरले तर दोनपैकी एक बॅग आलीच नाही. काउंटरवाला म्हणाला घरी जा, फोन येईल. सहा दिवसांनी आली, तोवर कपडे विकत घ्यावे लागले. भरपाई मिळते का?
— एक वाचक भगिनी, सदरबझार, सातारा

उत्तर : मिळू शकते, पण कागद पाहिजेत. बॅग आली नाही की पट्ट्याजवळच्या काउंटरला पीआयआर नावाचा रिपोर्ट लिहून घेतल्याशिवाय बाहेर पडायचंच नाही. त्याच्यावर जो रेफरन्स नंबर मिळतो त्यात विमानतळाची आणि कंपनीची अक्षरं आणि पुढं पाच आकडे असतात, त्यावरनं जगभरातल्या सापडलेल्या बॅगांशी जुळवणी होते. बॅगेचा रंग, चाकं, आत काय होतं हे नीट सांगा, काळी मोठी बॅग एवढं सांगून काय उपयोग, निम्म्या काळ्याच असतात. पत्ता देताना नुसता फ्लॅट नंबर नको, पोवई नाक्यापासनं कसं यायचं तेही लिहा. बाहेरच्या देशातनं बॅग मागनं येत असली तर कस्टम्सचा फॉर्मही सही करून द्यावा लागतो आणि कुलूप असेल तर चावीसाठी फोन येतो.

आता पैशाचं. आंतरराष्ट्रीय प्रवासाला माँट्रियल करार लागू पडतो, भारत त्यात २००९ पासनं आहे. बॅग उशिरा आली तर हातात पडल्यापासनं २१ दिवसांत कंपनीकडं लेखी तक्रार करायची, फुटली-फाटली असेल तर ७ दिवसांत. २१ दिवसांत आलीच नाही तर हरवली असं धरून मागता येतं. कमाल मर्यादा डिसेंबर २०२४ पासनं माणशी १,५१९ एसडीआर (आयएमएफचं हिशोबाचं एकक) आहे, रुपयात पावणेदोन ते दोन लाखांच्या आसपास, दर रोज बदलतो. ही वरची हद्द आहे बरं का, एवढे मिळतातच असं नाही, जेवढा खर्च पावत्यांनी दाखवाल तेवढ्याचीच गोष्ट. तुमचे २१ दिवस अजून संपले नसतील तर आजच्या आज ईमेल करा, पीआयआर, टॅगची पावती, बोर्डिंग पास आणि कपड्यांची बिलं जोडून. फोनवरचं बोलणं धरत नाहीत. दागिने आणि रोकड मोठ्या बॅगेत ठेवली असेल तर त्यावर भांडून फारसं हाती लागत नाही.

मागं राहिलेल्या बॅगांमध्ये सगळ्यात मोठा वाटा विमान बदलताना घोटाळा झालेल्यांचा असतो, त्यामुळे एक दिवसाचे कपडे, गोळ्या आणि चष्मा हातातल्या बॅगेतच ठेवत जा.

प्रश्न : कंदी पेढे, भडंग, हळद, सुकं खोबरं यातलं काय मोठ्या बॅगेत चालेल?
— बऱ्याच जणी, दोन्ही जिल्ह्यांतून

उत्तर : भडंग आणि हळद आरामात, हळद घट्ट पॅक करा नाहीतर कपडे हळदीला बसतील. पेढे अमेरिकेत नेताना कस्टम्सला स्वतःहून आहेत म्हणून सांगायचं, लपवलेलं सापडलं की दंड होतो, सांगितलेलं फार तर काढून घेतात. खोबऱ्याचे गोटे मात्र घरीच ठेवा, तेल असल्यानं ते आपोआप तापून पेट घेऊ शकतात म्हणून धोकादायक मालात धरतात आणि एक्स-रेला दिसले की बॅग उघडायला बोलावतात. पॉवर बँकचं तसंच, ती फक्त हातातल्या बॅगेत. मधल्या विमानतळावर बॅग अशी अडकली तर तुम्ही पुढं जाता आणि ती मागं राहते. चटणीसाठी खोबरं तिकडं इंडियन स्टोअरला मिळतं, महाग मिळतं एवढंच.