जुगारात ‘फायद्यात आहे’ असे नेमके केव्हा म्हणता येते?

गोव्यातील कॅसिनोच्या तीन फेऱ्यांपैकी एकीत 40,000 रुपये मिळाले आणि इतर दोहोंत मिळून 30,000 गेले, तर आपण फायद्यात आहात का, हे आपले कौशल्य मानावे का आणि उरलेल्या ‘कॅसिनोच्या पैशांवर’ चौथी फेरी करावी का, असे आपण विचारले आहे. मी संख्याशास्त्र शिकवतो. हिशेबात काय धरायचे आणि तो कुठे थांबवायचा हे ठरवल्याशिवाय याचे उत्तर देता येत नाही, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

आधी कराचे पाहू. अशा जिंकलेल्या रकमेवर सरसकट 30 टक्के प्राप्तिकर आणि त्या करावर 4 टक्के उपकर लागतो, आणि हरलेले पैसे त्यातून वजा करता येत नाहीत. म्हणजे 40,000 वर 12,480 रुपये कर होतो, आणि 10,000 चा फायदा प्रत्यक्षात 2,480 रुपयांचा तोटा ठरतो. प्रवास आणि प्रवेशशुल्क मी यात धरलेलेही नाही.

आता कौशल्याबद्दल. रूलेटमध्ये फिरत्या चक्रावर गोळी कोणत्या घरात थांबेल यावर पैसे लावतात; एक शून्य असलेल्या चक्रावर 37 घरे असतात. लाल रंगावर पैसे लावले तर 18 घरे आपली आणि 19 कॅसिनोची, तरी जिंकल्यावर लावले तेवढेच वर मिळतात. त्यामुळे लावलेल्या दर 100 रुपयांमागे सरासरी 2 रुपये 70 पैसे कॅसिनोकडे जातात. हा हिस्सा घरून नेलेल्या पैशांवर नव्हे, तर पुन्हापुन्हा लावलेल्या एकूण रकमेवर पडतो, हे फार थोड्यांच्या लक्षात येते. कोणी 10,000 रुपये नेऊन 100 रुपयांचे हजार डाव खेळला, तर उलाढाल एक लाखाची आणि सरासरी तोटा 2,700 रुपयांचा होतो.

सरासरी तोट्याची असली तरी काही जण फायद्यात निघतातच. लाल रंगावर सारख्या रकमेचे 100 डाव खेळणाऱ्यांपैकी साधारण 36 टक्के लोक फायद्यात असतात, 1,000 डावांनंतर सुमारे 19 टक्के, आणि 10,000 डावांनंतर तीनशेत एखादाच. आपण अजून पहिल्या टप्प्यांत आहात, आणि तिथे पुढे असण्यासाठी कोणतेही कौशल्य लागत नाही. मटक्यात तर हे आणखी कठीण आहे: दहा आकड्यांतून एक निवडायचा आणि रूढ भावाने रुपयाला नऊ घ्यायचे, म्हणजे प्रत्येक रुपयातले सरासरी दहा पैसे जातात. पोकरचे गणित निराळे आहे, कारण तिथे प्रतिस्पर्धी दुसरे खेळाडू असतात आणि चांगला खेळाडू त्यांच्याकडून सातत्याने कमावू शकतो. पण तिथेही कॅसिनो आपला वाटा कापतोच, आणि आपला खेळ तो नाही.

चौथ्या फेरीविषयी माझे मत स्पष्ट आहे. डाव संपून पैसे आपल्या हाती आले त्या क्षणी ते कॅसिनोचे राहिले नाहीत. ते आपल्या पगाराइतकेच आपले आहेत आणि त्यावर कर देणे बाकी आहे. म्हणून ते आधी वेगळे काढून ठेवावेत आणि कर भरावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. त्यानंतरही जायचे असेल, तर नाटकाच्या तिकिटासारखी परत न येणारी रक्कम ठरवूनच जावे.