काळजाचा ठोका ‘चुकतो’ म्हणजे नेमकं काय?

धुळ्याच्या एका ताईंनी विचारलंय: वडील म्हणतात, “मधूनच ठोका चुकतो.” डॉक्टरांनी ईसीजी पाहून सांगितलं, “चुकत नाही, उलट एक जादा पडतोय.” मग ‘काळजाचा ठोका चुकला’ हा वाक्प्रचारच चुकीचा का?

ताई, बरोबर दोघंही आहेत. सगळी गंमत ‘चुकणे’ या क्रियापदात आहे. जळगावच्या स्टँडवर भुसावळची गाडी चुकते, तेव्हा गाडी आलेली असतेच. तिची नि आपली वेळ जुळलेली नसते. कळपातून चुकलेलं मेंढरू नाहीसं होत नाही, भलतीकडे जातं. वाट चुकते, नेम चुकतो, भजनात टाळ चुकतो. जागा किंवा वेळ सुटली की मराठी माणूस ‘चुकलं’ म्हणतो.

हृदयात हेच होतं. उजव्या अलिंदाच्या, म्हणजे हृदयाच्या उजवीकडच्या वरच्या कप्प्याच्या, वरच्या भागात सायनस नोड नावाचा पेशींचा इवलासा पुंजका असतो. कीथ आणि फ्लॅक या शास्त्रज्ञांनी तो १९०७ मध्ये दाखवून दिला. या पेशी आपली वीज आपणच उभी करतात, मेंदूच्या हुकमाची वाट पाहत नाहीत. मोकळं सोडलं तर त्यांचा वेग मिनिटाला शंभराच्या आसपास असतो; व्हेगस नावाची नस लगाम खेचून धरते, म्हणून बसल्या जागी ठोके सत्तर-पंचाहत्तर भरतात. दुसऱ्याचं हृदय बसवताना या नसा कापल्या जातात, तरी ते धडधडत राहतं, फक्त जरा जलद.

कधी दुसऱ्याच जागची एखादी पेशी आपली पाळी नसताना ठिणगी टाकते. निलय, म्हणजे रक्त बाहेर ढकलणारा खालचा कप्पा, अजून पुरतं भरलेलं नसतं, त्यामुळे तो ठोका पोकळ पडतो. मनगटावर बोट ठेवलं तरी कित्येकदा लागत नाही. त्यानंतर बहुधा नेहमीपेक्षा लांब थांबा येतो. तेवढ्यात रक्त जास्त भरतं आणि पुढचा ठोका छातीत धाडकन बसतो. डॉक्टरांना कागदावर आगाऊ ठोका दिसला, वडिलांना थांबा आणि धक्का जाणवला. ठोका पडला, पण वेळ चुकून पडला! दचकल्यावर ॲड्रेनलिन वाढतं, तेव्हाही असे आगाऊ ठोके पडू शकतात.

तुमच्या प्रश्नात नव्हतं, पण ‘काळीज’ही मोठा मजेचा शब्द. खाटकाकडे मागाल तर यकृत मिळेल, बोलण्यात मात्र तेच हृदय. अहिराणीत ‘ळ’चा ‘य’ होतो, म्हणून आमची आजी छातीवर हात ठेवून म्हणायची, “मन्हं काईज धडधड करस.”

तेव्हा वडिलांचा शब्द बदलू नका. फक्त पुढच्या वेळी डॉक्टरांकडे त्यांना पूर्ण सांगू द्या: ठोका चुकतो, आणि मग एक जोरात बसतो.