आत्महत्येबद्दल विचारले तर तो विचार डोक्यात शिरेल का?

मी समुपदेशन करते. सप्टेंबर २०२० मध्ये मला एका मुलीचा फोन आला. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) तिचा धाकटा भाऊ पुण्यात अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला होता आणि मार्चमध्ये टाळेबंदी लागताच दोन कपड्यांनिशी गावी परतला होता, पुस्तके वसतिगृहाच्या खोलीतच राहिली होती. परीक्षा होणार की रद्द होणार, या घोळात पाच महिने गेल्यावर सर्वोच्च न्यायालयाच्या २८ ऑगस्टच्या निकालाने परीक्षा होणार एवढे कळले, पण ठरलेली नोकरी राहील का, हे कोणीच सांगत नव्हते.

"मॅडम, तो ताट तसंच परत पाठवतो, रात्रभर जागा असतो. काल त्याने कॅल्क्युलेटर चुलतभावाला देऊन टाकला, मला आता लागणार नाही म्हणाला. मनात भलतंसलतं येतं का, असं विचारावंसं वाटतं. पण विचारलं आणि नसलेला विचार डोक्यात शिरला तर?"

ही भीती बहुतेक घरांतून ऐकू येते. थेट विचारल्याने आत्महत्येचा विचार पेरला जात नाही, असे जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. उलट एकट्याने वाहिलेले ओझे बोलून दाखवायला जागा मिळते. अडचण असते ती प्रश्नाच्या घडणीत. "तू असला वेडेपणा करणार नाहीस ना?" या प्रश्नाला "नाही" हे एकच उत्तर देता येते. म्हणून मी तिला साधे शब्द दिले: "जगणं नकोसं वाटतं का? आत्महत्येचा विचार येतो का?" आणि त्यानंतर गप्प बसायला सांगितले.

तिने त्याला गच्चीच्या जिन्यावर विचारले. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "दोन महिने झाले. आईबाबांना सांगू नकोस." तिने शब्द दिला होता, तो मी मोडायला लावला. त्याच रात्री फवारणीची औषधे काकांकडे कुलपात गेली, त्याला एकटे न ठेवण्याचे ठरले आणि दुसऱ्या दिवशी त्याला मनोविकारतज्ज्ञांकडे नेले.

माझीही एक चूक सांगायला हवी. माझ्याबरोबर फोनवर झालेल्या पहिल्या दोन सत्रांत तो "हो", "नाही" एवढेच बोलला आणि त्याला बोलायचे नाही, असे मी धरून चालले. प्रत्यक्षात वडील शेजारीच बसलेले असत. पुढची सत्रे सकाळी सातला, शेताच्या बांधावरून झाली.

तेव्हा अशा वेळी कुठे फोन करावा, हे अनेकांना माहीत नसे. २०२२ पासून टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर रात्रीअपरात्रीही मराठीत बोलता येते.

ऑक्टोबरमध्ये त्याने ऑनलाइन परीक्षा दिली, पण आजार परीक्षेबरोबर संपला नाही. औषधे पुढे बरेच महिने चालली आणि वाईट दिवसही अधूनमधून येत राहिले. मात्र तसा दिवस आला की तो स्वतःच बहिणीला जिन्यावर बोलावून घेऊ लागला.