एकच अर्थव्यवस्था, दोन मापे

प्रश्न : आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्याच आकड्यांवरून केलेल्या एका यादीत अमेरिकेची अर्थव्यवस्था पहिली येते, तर दुसरीत चीनची. यांतला कोणता क्रम खरा मानावा?

उत्तर : दोन्ही क्रम खरे आहेत, मापे निराळी आहेत. प्रत्येक देश आपले सकल देशांतर्गत उत्पादन, म्हणजे वर्षभरात देशात तयार झालेल्या वस्तू-सेवांचे एकूण मोल, स्वतःच्या चलनात मोजतो आणि तुलनेसाठी ते डॉलरमध्ये आणावे लागते. गोम तिथेच आहे.

पहिली यादी बाजारातील विनिमय दराने होते. हा दर व्यापार, व्याजदर आणि भांडवलाची ये-जा यांनुसार हलत असल्याने, उत्पादन तेवढेच राहूनही डॉलरमधला आकडा बदलतो. 2023 साली जर्मनीने जपानला मागे टाकून तिसरा क्रमांक मिळवला, त्या वर्षी जर्मनीचे खरे उत्पादन किंचित घटले होते आणि जपानचे वाढले होते! परंतु येन घसरला होता आणि जर्मनीतील महागाईने तिथला आकडा फुगवला होता.

दुसरी यादी क्रयशक्तीच्या समतेवर, म्हणजे त्या-त्या देशात पैशाने प्रत्यक्ष किती विकत घेता येते यावर, आधारलेली असते. गहू किंवा पोलाद देशोदेशी विकले जाते, त्यामुळे त्यांचे भाव फारसे दूर जात नाहीत. पण केस कापून घ्यायला कोणी सीमा ओलांडत नाही. गरीब देशातल्या न्हाव्याची कात्री श्रीमंत देशातल्याइतकीच चालते, मात्र विनिमय दराने त्याचे काम कवडीमोल दिसते. म्हणून निरनिराळ्या देशांतील शेकडो वस्तू-सेवांचे भाव जमवून रूपांतराचा वेगळा दर काढतात. याच पद्धतीने नाणेनिधीने 2014 साली चीनला अमेरिकेच्या पुढे दाखवले. अर्थात, दोन देशांतली ‘तीच’ वस्तू खरोखर त्याच दर्जाची आहे की नाही, हे ठरवणे जिकिरीचे असते, त्यामुळे हा दरही अखेर अंदाजच.

मुळातला आकडाही काही दगडावरची रेघ नसतो. नायजेरियाने 2014 साली आधारवर्ष, म्हणजे ज्या वर्षाच्या किमती आणि व्यवसायांची रचना मोजणीचा पाया धरतात ते वर्ष, 1990 वरून 2010 वर आणले, दूरसंचार आणि चित्रपट यांसारखे वाढलेले व्यवसाय नीट मोजले आणि 2013 चे उत्पादन कागदावर सुमारे 89 टक्क्यांनी वाढून दक्षिण आफ्रिकेच्या पुढे गेले.

परकीय कर्ज किंवा तेलाची आयात यांचा विचार असेल, तर विनिमय दराची यादी पाहावी, कारण ते पैसे बाजारभावानेच चुकवावे लागतात. राहणीमानासाठी क्रयशक्तीचा, तोही दरडोई आकडा घ्यावा. एखाद्या देशाची प्रगती वर्षागणिक पाहायची असल्यास मात्र दोन्ही याद्या बाजूला ठेवून त्याच्याच चलनातील स्थिर किमतींचे, म्हणजे महागाईचा परिणाम वगळलेले, आकडे वापरावेत.