दोन प्रोसेसरच्या जुन्या सेकंडहँड वर्कस्टेशनवर उबुंटू टाकताना मेनू येतो, पण पुढं लोगोवरच अडकतं, काय करू?

पेनड्राइव्ह परत परत बनवत बसू नका. तुम्ही म्हणताय मेनू येतो आणि लोगो आला की फ्रीज, म्हणजे कर्नल (उबुंटूचा गाभा) लोड होतोय, गडबड त्याच्या पुढं आहे. आयएसओचा, म्हणजे डाउनलोड केलेल्या फाइलचा, चेकसम (फाइल धड उतरली का ते सांगणारा आकडा) तेवढा एकदा जुळवून घ्या.

पहिल्यांदा तो लोगो घालवा, कारण खरी माहिती त्याच्यामागं लपलेली असते. ग्रबच्या मेनूत (सुरुवातीला येतो तोच) ई दाबा, लिनक्स शब्दानं सुरू होणारी ओळ शोधा, तिच्यातलं क्वाएट आणि स्प्लॅश काढून एफ१० दाबा. आता मेसेज पळत जातील आणि कुठंतरी थांबतील, त्या शेवटच्या ओळींचा मोबाइलवर फोटो काढा.

शेवटी ग्राफिक्सचं काही दिसलं तर त्याच ओळीत नोमोडसेट (एकच शब्द) जोडा, म्हणजे कर्नल स्क्रीनचा मोड बदलायला जात नाही. जुन्या एनव्हिडिया कार्डांवर हे फार होतं आणि लोक उगाच प्रोसेसरला दोष देतात. पण सीपीयू, एपीआयसी (प्रोसेसरला इंटरप्ट, म्हणजे हार्डवेअरचे इशारे, वाटून देणारा भाग), एसीपीआय (कर्नलला हार्डवेअरची माहिती देणारी व्यवस्था) असलं काही दिसलं तर नोएसएमपी टाकून बघा (सगळी स्मॉल अक्षरं, मधे स्पेस नाही), यानं कर्नल एकाच कोअरवर चालतो. तेवढ्यानं चालू झालं तर बाकीचे कोअर सुरू करताना किंवा इंटरप्ट वाटताना अडकतंय असं धरा, मग ते काढून नोएपीआयसी बघा, तेही नाही चाललं तर एसीपीआय ऑफ (मधे स्पेस नाही, बरोबरचं चिन्ह). एका वेळी एकच, नाहीतर कशामुळं चाललं ते कळायचं नाही.

आणि मशीन सेकंडहँड आहे ना, मग झाकण उघडाच. दोन सॉकेटच्या (प्रोसेसर बसवायच्या जागांच्या) बऱ्याच बोर्डांवर प्रत्येक प्रोसेसरचे रॅम स्लॉट वेगळे असतात, विकणारे रॅम काढून कुठंही लावतात. मॅन्युअलप्रमाणे लावा, दोन्ही प्रोसेसर एकाच मॉडेलचे आहेत का बघा, रात्रभर मेमटेस्ट (रॅम तपासणारा प्रोग्राम) चालू ठेवा आणि बायॉस (बोर्डावरचं सॉफ्टवेअर) अपडेट करा. एसीपीआयची टेबलं बायॉसच देतो, तीच चुकीची असली तर कर्नल तरी काय करणार.

जुन्या पोस्टींमध्ये वेगळा एसएमपी (एकापेक्षा जास्त प्रोसेसर चालवणारा) कर्नल टाका असं लिहिलेलं सापडेल, त्याच्या नादी लागू नका. १९९६च्या २.० आवृत्तीपासून लिनक्सला (उबुंटूचा कर्नल तोच) एकापेक्षा जास्त प्रोसेसर चालवता येतात आणि आता उबुंटूच्या नेहमीच्या कर्नलमध्येच ते असतं.

फक्त नोएसएमपीवर इन्स्टॉल झालं म्हणून तसंच वापरत राहू नका हो, अख्खा दुसरा प्रोसेसर वाया जातो! एसीपीआय ऑफ ठेवलं तरी बऱ्याच मशीनवर एकच कोअर दिसतो. इन्स्टॉल झाल्यावर टर्मिनलमध्ये एलएससीपीयू ही प्रोसेसरची माहिती दाखवणारी कमांड (सगळी स्मॉल अक्षरं) चालवा, सॉकेट २ दिसायला हवेत. नाही दिसले तर मशीनचं मॉडेल आणि तो फोटो इथं टाका, बघतो.