‘आईला सांगू नको हं’ हे वाक्य आधी घरातून काढा

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. सांगलीच्या विश्रामबागेत तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट, मोठा आठ वर्षांचा, धाकटी तीनची, तुम्ही दोघंही नोकरीला, दुपारभर सासू-सासरे सांभाळतात आणि सुट्टी लागली की सगळे तासगावकडच्या मळ्यात. मोबाइलमध्ये कुठलं ॲप टाकावं आणि घरात कॅमेरा बसवावा का, एवढंच तुम्ही विचारलंय. दोन्हींचं उत्तर खाली देते. पण मी मिरजेत सतरा वर्षं पाळणाघर चालवते, आणि माझा अनुभव असा आहे की कुलपं कितीही लावली तरी एखाद दिवशी काहीतरी घडतंच. त्या दिवशी मूल किती लवकर येऊन सांगतं, यावर बरंच काही ठरतं. म्हणून तिथूनच सुरुवात करते.

माझ्याच मुलाचं सांगते. चार वर्षांचा होता. सकाळी खेळताना त्यानं स्वयंपाकघरातला वजनकाटा पाडला, मागचं झाकण तुटलं. डब्याची घाई होती. मी त्याला एक चापट मारली आणि "परत हात लावलास तर बघ" असा दम भरला. दुपारी त्याच काट्यातला चपटा सेल, साधारण रुपयाएवढा, त्याच्या हाताला लागला. तोंडात घातला आणि गिळला गेला. तेव्हा चार वाजले होते. मला कळलं रात्री नऊ वाजता. संध्याकाळभर तो लाळ गाळत होता, वरणभाताचा घास तोंडात घेऊन परत काढत होता. मला वाटलं घसा धरलाय. मी हळद-दूध करून दिलं, तेही त्यानं थुंकलं. झोपायच्या वेळी आज्जीच्या कानाशी लागून विचारलंन, "आई मारणार नाही ना?" आणि मग सांगितलं.

एक्सरेमध्ये छातीच्या वरच्या बाजूला गोल चकती दिसली, आणि तिच्या कडेला आतून आणखी एक फिकट कड. डॉक्टरांनी बोट ठेवून दाखवलं: नाण्याला अशी दुहेरी कड दिसत नाही, हा सेलच. रात्रीतून दुर्बिणीनं काढला. अन्ननलिका आतून भाजली होती. तीन आठवडे नाकातल्या नळीवाटे दूध आणि पेज. आज तो बारावीला आहे, व्यवस्थित जेवतोखातो. पण ते पाच तास मी विसरलेले नाही. ते पाच तास माझ्या त्या चापटीमुळे गेले.

हा सेल पोटापर्यंत न जाता अन्ननलिकेत अडकला तर लाळेमुळे त्यातून विजेचा प्रवाह सुरू होतो आणि लागलेल्या जागी कॉस्टिक सोड्यासारखा जाळणारा पदार्थ तयार होतो. दोन तासांतसुद्धा गंभीर जखम होऊ शकते. रिमोटला चालत नाही म्हणून काढून ठेवलेला ‘संपलेला’ सेलही हे करू शकतो. तुमच्या घरात असे सेल कुठे कुठे आहेत ते आज संध्याकाळी बघा: गाडीच्या चावीत, वजनकाट्यात, थर्मामीटरमध्ये, दिव्यांच्या खेळण्यात, जत्रेतून आणलेल्या चमकणाऱ्या अंगठीत. ज्याचं झाकण स्क्रूनं बंद होत नाही ते धाकटीच्या हाती नको. गिळल्याची नुसती शंका आली तरी उलटी करवायची नाही, केळं-भात भरवून ‘खाली ढकलायचं’ नाही, सरळ एक्सरे असलेल्या दवाखान्यात. नाकात किंवा कानात सेल गेला असेल तरी तेवढीच घाई.

आता ते वाक्य. आपल्या घरांत ते फार प्रेमानं बोललं जातं. आज्जी जेवणाआधी चॉकलेट देते आणि म्हणते, "आईला सांगू नको हं." आजोबा मोबाइल जास्त वेळ देतात, "पप्पांना सांगू नको." काका बाईकवर पुढे बसवून फेरी मारून आणतात, तेव्हाही तेच. कुणाच्याच मनात वाईट नसतं. पण मूल यातून एवढंच शिकतं की जे मोठे माझ्यावर प्रेम करतात ते आई-बाबांपासून लपवायला सांगतात, आणि लपवलं की बक्षीस मिळतं. उद्या ज्याच्या मनात खरंच वाईट असेल तो अगदी हेच बोलणार आहे, शब्दसुद्धा बदलणार नाही. मुलाला दोन्हींतला फरक कळायचा कसा?

म्हणून सासूबाईंशी बोला, पण तक्रारीच्या सुरात नको. त्यांनी चॉकलेट द्यावंच, फक्त ते वाक्य म्हणू नये, इतकंच मागा. मी पाळणाघरात प्रत्येक आज्जी-आजोबांना हे सांगते आणि कारण ऐकल्यावर आजवर कुणी नाराज झालेलं नाही. मुलांना मी असं शिकवते: सरप्राइज चालतं, कारण ते नंतर सगळ्यांना कळतं आणि सगळे हसतात. बाबांच्या वाढदिवसाचा केक हे सरप्राइज. जे कधीच कुणाला सांगायचं नाही ते गुपित, आणि गुपित ठेवायला कुणी सांगितलं, मग ते घरातलं का असेना, तर ते पळत येऊन सांगायचं. तीन वर्षांच्या मुलीलाही हे कळतं.

याला जोडून आणखी एक. "काकांना पापा दे" म्हणून मुलीला कुणाच्या मांडीवर ढकलू नका. ती नको म्हणाली तर नमस्कार पुरे. अंघोळ घालताना शरीराच्या सगळ्या भागांची नावं साधेपणानं सांगा. जिथे चड्डी असते ती जागा दुसऱ्या कुणी बघायची किंवा हात लावायची नाही. आई-बाबा किंवा आज्जी स्वच्छ करतात तेव्हा, आणि डॉक्टर तपासतात तेव्हा आई जवळ असताना, तेवढंच चालतं. लहान मुलांवरच्या अत्याचारात बहुतेक वेळा माणूस ओळखीतलाच असतो. फक्त ‘अनोळखी माणसाशी बोलू नको’ शिकवून आपण मुलाला चुकीच्या दिशेला बघायला लावतो.

मोबाइलचंही असंच आहे. माझ्याकडे शाळा सुटल्यावर एक नऊ वर्षांची मुलगी यायची. एके दिवशी पोहे खाता खाता म्हणाली, "मावशी, एक विचारू? रागावणार नाही ना?" आजोबांच्या फोनवर ती गेम खेळायची. त्या गेमच्या चॅटमध्ये ‘अकरा वर्षांची’ एक मैत्रीण झाली होती. आधी त्या मैत्रिणीनं गेममधली नाणी दिली. मग शाळेच्या युनिफॉर्ममधला फोटो मागितला, तो हिनं पाठवला. मग अंघोळ झाल्यावरचा फोटो मागितला. आणि वर लिहिलं होतं, "मम्मीला सांगू नको, ती फोन काढून घेईल." दुसरा फोटो तिनं पाठवला नव्हता. ती माझ्याशी बोलली ती फक्त रागावणार नाही या भरवशावर.

तेव्हा आम्ही जे केलं ते लक्षात ठेवा. तिला आधी सांगितलं, "तू सांगितलंस ते फार चांगलं केलंस, चूक तुझी नाही." फोन हिसकावला नाही. चॅट पुसलं नाही, कारण तोच पुरावा असतो. समोरच्याला शिव्या घालणारं उत्तर पाठवलं नाही. आई-वडिलांना बोलावलं, त्यांनी राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवली आणि पोलिसांना कळवलं. महिला अधिकारी साध्या कपड्यांत घरी येऊन मुलीशी बोलल्या. ही मेहेरबानी नव्हे, मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या २०१२ च्या पोक्सो कायद्यातच तसं आहे: मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल तिथे, गणवेश न घालता घ्यायचा. मुलाला रात्री पोलीस ठाण्यात थांबवायचं नाही आणि त्याची ओळख बाहेर जाऊ द्यायची नाही. पुष्कळ घरं बोभाटा होईल म्हणून गप्प बसतात, म्हणून हे मुद्दाम लिहिते. असा गुन्हा माहीत असून न कळवणं हाही याच कायद्याखाली गुन्हा आहे. मुलाचा आक्षेपार्ह फोटो कुठे फिरत असेल तर तो ‘सावध राहा’ म्हणून नातेवाइकांच्या ग्रुपवरही पुढे पाठवू नका.

नंबर फ्रिजवर मोठ्या अक्षरांत लिहून चिकटवा: मुलांसाठी १०९८, तातडीला ११२, रुग्णवाहिका १०८, आणि पैसे ऑनलाइन गेले तर १९३०. १०९८ ला मूल स्वतःसुद्धा फोन करू शकतं, दिवसरात्र, फुकट.

ॲपचं विचारलंत. आठ वर्षांच्या मुलासाठी गूगलचं फॅमिली लिंक पुरेसं आहे. त्याच्या नावानं वेगळं खातं काढलं की कुठलंही ॲप टाकायला तुमची परवानगी लागते, वेळेची मर्यादा घालता येते, रात्री फोन आपोआप बंद करता येतो. पण तुमच्याकडे खरी अडचण सासऱ्यांच्या फोनची आहे, कारण त्यावर मोठ्या माणसाचं खातं आहे आणि यूपीआयही. तिथे चार गोष्टी करा. प्ले स्टोअरमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड लावा. पैशांच्या ॲपला वेगळं लॉक घाला आणि यूपीआय पिन नातवासमोर दाबू नका म्हणावं. मुलं बोटांच्या हालचालीवरून पिन पाठ करतात. यूट्यूबच्या जागी यूट्यूब किड्स टाका, त्यात सर्च बंद करून ‘फक्त मी निवडलेलं’ हा पर्याय ठेवा. आणि सेटिंगमध्ये ॲप पिन करायची सोय असते ती आजोबांना शिकवा, म्हणजे एकदा गोष्ट लावून दिली की पिन टाकल्याशिवाय त्यातून बाहेर पडता येत नाही. गेममधलं चॅट बंद होत नसेल तर तो गेमच नको.

धाकटीला फोन शक्यतो नकोच. दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला एक तासापेक्षा जास्त स्क्रीन नको, कमी असेल तेवढं बरं, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये सांगितलंय. जेवताना मोबाइल लावून घास भरवायची सवय सोडवायला आमच्याकडे साधारण आठवडाभर रडारड होते. तो आठवडा सोसा. दाराआडून फोन वापरायचा नाही, हॉलमध्येच, आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा. इअरफोन नकोत.

कॅमेऱ्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे. घरात सांभाळायला आपलीच माणसं असताना कॅमेरा नको. काय घडलं ते तो नंतर सांगतो, घडताना हात पुढे करत नाही. शिवाय इंटरनेटवर चालणाऱ्या स्वस्त कॅमेऱ्याचा मूळ पासवर्ड तसाच ठेवला तर दुसरं कुणीही आत डोकावू शकतं. बसवायचाच असेल तर फक्त मुख्य दाराशी, पासवर्ड बदलून. त्या पैशांत इलेक्ट्रिशियनला बोलावून तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे शॉक लागताच वीज तोडणारा स्विच, बसवून घ्या, आणि गॅलरीच्या कठड्याजवळच्या कुंड्या, स्टूल, वॉशिंग मशीन आत घ्या, कारण मुलं त्यांवरच चढतात.

बाथरूममध्ये भरलेली बादली ठेवू नका. पाण्याच्या हीटरची कांडी बादलीत लावून दुसरीकडे जाऊ नका. तीन वर्षांच्या मुलीला शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षं द्यायची नाहीत. द्राक्ष उभं चिरून द्या, तासगावात हे सांगणं अवघड जातं हे मला माहीत आहे. भाजलं तर नळाखाली वीस मिनिटं साधं पाणी, घड्याळ लावून. टूथपेस्ट, हळद, बर्फ काही लावू नका.

आणि मळा. तुम्ही त्याबद्दल काहीच विचारलं नाहीत, पण मला सगळ्यात जास्त काळजी तिथली वाटते. द्राक्षाच्या ऑक्टोबर छाटणीनंतर बागेत फवारण्यांची सगळ्यात जास्त गर्दी असते आणि नेमकी तेव्हाच दिवाळीची सुट्टी लागते. शहरातली पोरं मळ्यावर, आणि पंपाच्या खोलीत औषधं. उरलेलं औषध थंड पेयाच्या बाटलीत ओतून ठेवायची सवय आपल्याकडे फार आहे. मुलाला ती बाटली ओळखीची वाटते, ते झाकण उघडून तोंडाला लावतं. औषध मूळ डब्यातच राहू दे. त्या डब्यावर रंगीत त्रिकोण असतो: लाल सगळ्यात विषारी, मग पिवळा, निळा, हिरवा. हिरवासुद्धा पोटात जायचा नाही. मुलानं काही प्यायलंच तर उलटी करवू नका. रॉकेल किंवा तसलं तेलकट औषध उलटीबरोबर फुप्फुसात गेलं तर जास्त घात होतो. अंगावर सांडलं असेल तर कपडे काढून साबणानं धुवा आणि डबा सोबत घेऊन दवाखाना गाठा, कारण उतारा काय द्यायचा ते लेबलवर असतं.

शेततळ्याचं तर वेगळंच. विहिरीला निदान कठडा असतो, पायऱ्या असतात. शेततळ्यात अंथरलेला प्लॅस्टिकचा कागद ओला झाला, शेवाळ धरलं की पोहता येणारा मोठा माणूसही घसरून परत आत जातो. चारी बाजूंनी तारेचं कुंपण हवं, दाराला कुलूप हवं, आणि प्रत्येक बाजूला गाठी मारलेला जाड दोर पाण्यापर्यंत सोडलेला हवा. हवा भरलेली जुनी ट्यूब त्याला बांधली तर आणखी चांगलं.

रविवारी जाल तेव्हा आठ वर्षांच्या मुलाला बरोबर घेऊन सासऱ्यांसोबत हे सगळं बघा. कुलूप त्याच्याच हातानं लावून घ्या आणि बहीण त्या बाजूला गेली तर कुणाला हाक मारायची ते त्याला ठरवू द्या. जाताना गाडीत तुम्हा दोघांचे फोन नंबर त्याच्याकडून तोंडपाठ करून घ्या. २०१९ च्या पुरात आम्ही अकरा जण दुसऱ्यांच्या घरी राहिलो, तेव्हा माझ्या लक्षात आलं की आमच्यातल्या एकाही मुलाला आईचा नंबर सांगता येत नव्हता. दोर बांधून झाला की इथे लिहा. फ्लॅटच्या गॅलरीचा फोटो मात्र इथे टाकू नका, मुलांचाही नको. शब्दांत सांगितलंत तरी मला कळेल.